शेवटचं भाषण

भाईंदर पश्चिमेच्या त्या वस्तीत कुणी वारलं की विहारातल्या पुण्यानुमोदनाच्या सभेत शेवटचं भाषण श्रीपती तांबेंचं, हे ठरलेलंच. माणूस मूळचा रत्नागिरीकडचा, दुसऱ्या शहराच्या महापालिकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला, आवाज खणखणीत. गेलेला माणूस त्यांच्या भाषणात होता त्याहून थोडा अधिकच चांगला होई. लोकांचे डोळे भरत आणि मग पंगत बसे.

उत्तमच्या सभेतही शेवटी तांबेच बोलले. उत्तम हा शेजारच्या पंचशीलाचा नवरा. एका अनधिकृत इमारतीवर वॉचमन होता, ती कोसळली त्यात गेला. इमारत तांबेंच्याच महापालिकेच्या हद्दीतली. नोकरीत असताना ती पाडायला तांबे जेसीबी आणि पोलीस घेऊन निघालेही होते. अर्ध्या वाटेत फोन आला, "तांबे, मागे फिरा." तांबे फिरले. अशा फोनची नोंद करायची नाही आणि पुन्हा नाव घ्यायचं नाही, ही त्या ऑफिसची रीत. तांबेंनी ती जन्मभर पाळली आणि तिलाच इमानदारी समजत आले. आवाज मात्र त्यांनी तेव्हाच ओळखला होता. सभेत ते उत्तमच्या कष्टाळूपणावर बोलले. फोनचा विषय कशाला निघतोय तिथे!

पुढे इमारत कोसळल्याच्या चौकशीला विधिमंडळाची समिती बसली. जेसीबीवाल्यानं अर्ध्या वाटेतल्या फोनचं तिथे सांगितलं, म्हणून तांबेंना साक्षीचं बोलावणं आलं. पहिल्या वेळी त्यांचं बीपी वाढलं, दुसऱ्या वेळी कंबर धरली.

"रिटायर माणसाला कशाला खेचायचं?" विहाराचं काम बघणारा शशिकांत सगळ्यांसमोर म्हणाला. "त्यांची इच्छा नाय ना, मग जबरदस्ती कसली?"

"माझ्या नवऱ्याची इच्छा कुणी विचारली होती?" पंचशीला म्हणाली. "धरून न्या काकांना."

संध्याकाळी ती तांबेंच्या घरी आली. "काका, राग मानू नका. तुमच्यासाठीच बोलले. पोलिसांनी नेलं तर त्या फोनवाल्यांना सांगता येईल, मी जात नव्हतो, मला नेलं. मग तुमच्यावर कोण डूख धरणार?"

पोरीनं तांबेंच्या मनातलंच ओळखलं होतं. आपल्याला कुणीतरी ओढून न्यावं, असं त्यांनाही वाटत होतं. पण मुलगा अमोल त्याच महापालिकेत कंत्राटावर चिकटलेला, आणि चिकटवणारा तोच फोनवाला. "पोराच्या पोटावर पाय आणू नका," चंपाबाई उठता-बसता नवऱ्याला बजावत होती.

तिसऱ्या खेपेला साध्या वेशातले दोन पोलीस दारात आले. तांबेंना चक्क हायसं वाटलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, जिना उतरताना कठड्याला हातही लावला नाही.

समितीपुढे शपथ झाली. अध्यक्षांनी विचारलं, "फोन कुणाचा होता?"

नाव अगदी ओठांपर्यंत आलं. तांबेंना अमोल दिसला, मग उत्तम दिसला, मग पुन्हा अमोल.

"आठवत नाही, साहेब."

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. खुर्चीपर्यंत आणायला पोलीस होते. त्यापुढचं काम तांबेंचं होतं, आणि ते त्यांनी केलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, माजी अधिकाऱ्याला काही आठवेना. पंचशीलाच्या घरातून तांबेंकडे रोज येणारी भाजीची वाटी बंद झाली.

उत्तमचं वर्षाचं पुण्यस्मरण आलं. विहार भरला. त्रिशरण झालं, पंचशील झालं. खोटं न बोलण्याच्या शीलाशी तांबेंचे ओठ नुसतेच हलले. लाज वाटली, पण बाहेर उठून जाण्याइतकी नाही. एकेक जण उत्तमबद्दल बोलून बसला. मग शशिकांतनं माईक घेतला.

"आणि आता नेहमीप्रमाणे शेवटी..."

तांबे सवयीनं उठलेच. शर्ट खाली ओढला, घसा साफ केला.

पुढच्या रांगेतून पंचशीला उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता.

"शशिकांतदादा, काकांना नका बोलायला लावू. जबरदस्ती नको." ती क्षणभर थांबली. "त्यांना काही आठवत नाही."

शशिकांतनं माईक खाली घेतला. तांबे उभेच होते. बसा म्हणायलाही कुणी पुढे आलं नाही.