नवा तवा

तारकर्लीच्या खानावळीत घावनं घालणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदाच कामाला आली होती. तिची चार घावनं नव्या तव्याला चिकटून फाटली आणि तेवढ्यात माझी कुडाळची एसटी गेली. दर वेळी ती तवा खरवडायची, कांद्याने तेल फिरवायची आणि पुन्हा पीठ ओतायची. मालक आतून करवादत होता.

"अहो, पावच द्या," मी वैतागून म्हणालो.

"बसा भाऊ. तवो नवो आसा, मी पण नवी. वळख होवक येळ लागतलो."

मी तोवर तवा, पीठ, मालक, सगळ्यांना नावं ठेवून मोकळा झालो होतो. तिने कुणालाच ठेवली नाहीत.

पाचवं अख्खं उतरलं. तिच्या जागी मी असतो तर शाबासकीसाठी चौफेर पाहिलं असतं. तिने ते मला वाढलं आणि पुढचं ओतलं.