छाती रविवारीच का आवळायची

"बिसिनोसिस," डॉक्टर बोलली. मी बोलले, "परत सांग." तिने परत सांगितलं. कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा आजार. ऐकून मला आधी काय वाटलं, सांगू? सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं जो तो मला सांगत होता, वय झालं, वजन कमी कर.

मी ओफाकिमला राहते, आम्हा ज्यूंच्या देशातलं छोटं गाव. लग्न होऊन मुंबईहून इथे आले आणि सूतगिरणीत लागले, कार्डिंग खात्यात. कापूस पिंजून त्याचे पेळू करतात ते खातं. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमालात कापूसच.

दुखणं सुरू झालं ते रविवारी. इथे शब्बाथची सुट्टी शनिवारी, म्हणून रविवारी आठवडा सुरू होतो. दुपार झाली की छातीवर कोणी पाटा ठेवलाय असं वाटायचं. एक-दोन दिवसांत उतरायचं. माझी जाऊ बोलायची, "शब्बाथला माशांचं कालवण चापतेस आणि मग कण्हत बसतेस." मलापण पटायचं. मासे सोडले, नारळ सोडला. कसचं काय!

कुपत खोलीम म्हणजे आमचा विम्याचा दवाखाना. तिथला डॉक्टर बोलला, दमा आहे, पंप ओढ. पंप म्हणजे तोंडात फवारून श्वासाची नळी मोकळी करायचं औषध. एकदा त्यांच्या औषधांच्या रांगेत उभी राहिले, सगळे एकमेकांवर ओरडत होते, त्या रांगेत पुन्हा गेले नाही, डॉक्टरला तेवढं दाखवायची. आम्ही मुंबईच्या बाया असंच करतो. मुंबईला भावाकडे गेलं की बाम, खोकल्याची बाटली, पंप, सगळं पिशवी भरून आणायचं. कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही.

मग रविवारचं दुखणं आठवडाभर राहायला लागलं. खात्यात दोनदा दम लागून खाली बसले, तेव्हा मॅनेजरने मला जवळच्या बेरशेबा शहरात ऑक्युपेशनल फिजिशियनकडे धाडलं. कामामुळे होणारे आजार बघणारा आणि माणूस कामाला योग्य आहे का ते ठरवणारा डॉक्टर. मॅनेजर बोलला, "ती डॉक्टर हो बोलली तर ये. नाही बोलली, तर दुसरीकडे जागा नाही."

बाहेरच्या बाकावर सगळे माझ्यासारखेच. नोकरी राहते का, याच घोरात. मला नोकरी हवी होती, दुसरं काही नाही. नवरा गेल्यापासून त्या गिरणीतच माझं माणसांत बसणं-उठणं होतं.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. हिब्रूत अहो-जाहो नाही, तेव्हा तीपण मला तू आणि मीपण तिला तू. बोलली, "कुपत खोलीममधली तुझी माहिती कम्प्युटरवर उघडू का? तुझी परवानगी लागेल." तेव्हा हे नवीन होतं. माझं सगळं त्या डबड्यात? भीती वाटली, पण हो बोलले.

बराच वेळ बघून ती बोलली, "दमा लिहिलाय, पण किती वर्षांत पंपच घेतला नाहीस. म्हणजे ताब्यात आहे. कामाला योग्य, असं लिहू?"

देवा! गप्प बसले असते तर नोकरी वाचली असती. पण मी थकले होते, बाई. खोटं बोलायलापण श्वास लागतो. पर्स उघडली आणि मुंबईचा पंप टेबलावर ठेवला. "दिवसातून कितीदा?" तिने विचारलं. मी बोलले, "मोजायचं सोडून दिलं."

ती पुन्हा कम्प्युटरकडे वळली. आता औषधं नाही, मी दवाखान्यात कोणकोणत्या दिवशी गेले ते बघायला लागली. मग पडदा माझ्याकडे फिरवला. "वार बघ. रविवार. रविवार. सोमवार. पुन्हा रविवार. पुस्तकात याला सोमवारचं दुखणं म्हणतात, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांची सुट्टी रविवारी."

आमचे पप्पा परळच्या गिरणीत होते. दर सोमवारी घरी येऊन उशीला टेकून बसायचे, आणि आई चिडायची, सुट्टीने लाडावलाय. त्या खोलीतच मी रडले.

मग स्पायरोमेट्री झाली. नळीत जोराने फुंकायचं, म्हणजे फुप्फुसांत किती जोर आहे ते कळतं. रविवारी कामाच्या पाळीच्या आधी फुंकवलं, पाळी संपल्यावर फुंकवलं. दोन्हींत केवढा फरक! डॉक्टर बोलली, "धुळीत परत जायचं नाही. मी तसंच लिहिणार." मॅनेजरने दुसरी जागा दिली नाही, नोकरी गेली.

तुमच्यापैकी कोणाची छाती सुट्टीनंतर आवळत असेल तर वार लक्षात ठेवा आणि डॉक्टरला सांगा. बाहेरून आणलेली औषधंपण सांगा. कम्प्युटरला आपल्या पिशवीतलं दिसत नाही. मला त्या पोरीने वाचवलं, तिचं भलं होवो.

काही महिन्यांनी तिने पुन्हा तपासायला बोलावलं. नळीत फुंकले. ती खूश झाली. "कितीतरी सुधारलंय! रविवारी कसं वाटतं?"

"छाती मोकळी असते," मी बोलले. "सकाळी लवकर जाग येते, अंघोळ करते, कपडे घालते. आता जाऊ कुठे, तेवढं सांग."

तिने कम्प्युटरकडे बघितलं नाही. खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसली.