नातीचा ब्रेक

नरोली रस्त्यावरच्या त्या सायकलवाल्याचं नाव मी विचारलं नाही, कारण मग त्यानं माझं विचारलं असतं. नातीची रेसची सायकल मी रोज सकाळी मुलगा उठायच्या आत चालवून येते. त्याला कळलं तर तो ती त्याच दिवशी विकून टाकेल.

"नातीची आहे. ब्रेक लांब पडतो तिला," मी म्हणाले.

"हात दाखवा, मावशी."

"ती चालवते."

"तिचा हात घरी राहिला ना? तुमचा चालेल."

सांधे धरलेली माझी बोटं त्यानं ब्रेकवर ठेवून पाहिली आणि बारका स्क्रू फिरवून ब्रेकची मूठ जवळ आणली. तार ताणली. मग चाक फिरवलं आणि रबर घासतंय का ते डोळे मिटून ऐकत बसला.

"नातीला सांगा, एकटा पुढचा ब्रेक दाबू नको. या वयात हाड लवकर जुळत नाही."

बाविसाव्या वर्षी इथे शिक्षिका म्हणून आले, तेव्हा तोच ब्रेक दाबून शाळेच्या फाटकात तोंडावर पडले होते. मुख्याध्यापकांना सांगितलं, म्हैस आडवी आली. ते फाटकातच उभे होते. तेव्हा मला खोटं बोलायची अक्कल नव्हती. आता आली आहे, असा माझा समज होता.

"सांगते तिला," म्हणून मी सायकल हातात धरून पायी निघाले.

"मावशी, नातीला इथूनच ट्रायल घेऊ द्या. ब्रेक लागतो का, मला बघायचंय."

मी ओढणी खोचली आणि बसले. कोपऱ्यावर दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबली, आणि मी तिच्यावरच राहिले.