मावशींचा हेल

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर आम्हा बायकांत शेजारच्या मावशी येऊन बसतात. नवरा गेल्यावर मुलानं त्यांना अकोल्याकडच्या गावातून पुण्याला आणलं. वऱ्हाडी कानावर पडली की आता विनोद येणार, अशी सवय नाटकांनी आणि मालिकांनी आम्हाला लावून ठेवली आहे.

"घराची लय याद येते व माय," मावशी एकदा म्हणाल्या, "आता तिथी दिवा लावाले बी कोनी नाई."

शब्द सगळ्यांना कळले होते. तरी "किती गोड बोलता हो!" म्हणत सगळ्या हसल्या. मग मावशीही कसनुसं हसल्या.

मी मात्र त्यांच्याजवळ बसत राहिले. दुःख सांगताना आमचा आवाज खाली उतरतो. मावशींचा वर चढतो, थोडा लांबतो आणि दमल्यासारखा 'व माय'वर येऊन टेकतो. ते टेकणं ऐकू यायला मला अख्खा हिवाळा लागला. भाषा एकच असली तरी रडण्याची चाल गावागावाची वेगळी असते, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

काल मी विचारलं, "मावशी, गावाची आठवण येते का?"

"नाही हो. बरं आहे इथं," त्या म्हणाल्या. अगदी आमच्यासारखं, सपाट. नातूही वऱ्हाडी बोलायला लागेल म्हणून सुनेनं त्यांना हे वळण लावलंय म्हणे.

मी कान देऊन बसले होते, पण त्या वाक्यात मावशी कुठेच सापडल्या नाहीत.

बाकावर काल कुणीच हसलं नाही.