काका लवकर घरी आले

काका पहिल्यांदा वेळेवर घरी आले तेव्हा काकूने दार उघडून विचारलं, "काय झालं? कुणी गेलं का?"

"कुणी नाही गेलं. सुटलो," काका म्हणाले.

"सुटलो म्हणजे? काढून टाकलं?"

"अगं, सुट्टी झाली. रोजची. साडेपाचला होते ती."

काकूला रोज अशी काही सुट्टी होते हेच माहीत नव्हतं. ती दारात तशीच उभी राहिली. तिच्यामागे बाहेरच्या खोलीत शिवणक्लासच्या बायका माना वर करून बघत होत्या. काकांच्या खुर्चीवर अर्धवट शिवलेले फ्रॉक पडले होते आणि सतरंजीभर कापड पसरलेलं होतं. काका चपला हातात घेऊन, एकेक पाऊल जपून टाकत आत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. मी तिथे अभ्यास करत होते. कॉलेजसाठी मी त्या वर्षी त्यांच्याकडेच राहत होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

काका चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात होते. दुकानांतून नंबर आणि फ्रेम यायची, त्याप्रमाणे जाड काच घासून पातळ करायची, चकचकीत करायची आणि शेवटी फ्रेमच्या आकारात कापून बसवायची. काका कापण्याच्या विभागात सगळ्यांत जुने. सकाळी जायचे ते दिवेलागण होऊन गेल्यावर यायचे. शनिवार त्यांचा कधी स्वतःचा नव्हताच, रविवारीसुद्धा "जरा डोकावून येतो" म्हणून जायचे ते जेवायलाच परत. आल्यावर एकच वाक्य, "सोडतच नाहीत गं." काकूने ते इतकी वर्षं ऐकलं होतं की तिच्या मनात कारखान्याच्या साहेबांचं एक चित्रच तयार झालं होतं. दारात आडवा पाय घालून उभा असलेला माणूस.

मग तिथे एक जण यंत्रावरच चक्कर येऊन पडला. वाचला, पण चौकशी झाली आणि वरून हुकूम आला की आठवड्याला चाळीस तासांच्या वर कुणीही थांबायचं नाही. साडेपाचला रखवालदार स्वतः येऊन दिवे मालवणार. म्हणून काका घरी आले होते.

पहिल्या आठवड्यात काकांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. जे जे करकरत होतं ते गप्प झालं. मग सुऱ्यांना धार लावली. दुसऱ्या दिवशी काकूचं बोट कापलं. मग त्यांनी डबे उंचीप्रमाणे लावले आणि काकूला हळद सापडेना.

"तुम्ही जरा फिरून का येत नाही?" काकू म्हणाली.

"कुठे?"

"कुठेही. लोक फिरतातच ना?"

काका कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. "लोक फिरतायत खरं," एवढंच म्हणाले.

हेही हळूहळू अंगवळणी पडलं असतं. पण काकूची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांकडे ती बाकावर बसली होती आणि शेजारी गाल धरून कारखान्याचे जुने मॅनेजर बसले होते, नुकतेच निवृत्त झालेले. काकूला आयती संधी मिळाली. ती म्हणाली, "साहेब, राग मानू नका, पण आमच्या ह्यांना तुम्ही अगदी पिळून काढलंत हो!"

"मी?" त्या गृहस्थांनी गालावरचा हात काढला. "अहो वहिनी, मीच त्यांना रोज घरी जा म्हणायचो. काम तर जेमतेम दिवसभराचंच असायचं. एकदा तर मी त्यांची पिशवी उचलून दारापर्यंत नेली होती."

काकू दाढ न दाखवताच घरी आली. क्लासच्या बायकांना तिने परत पाठवलं. काका टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घालत होते.

"साहेब तुम्हाला घरी जा म्हणायचे?"

काका टेबलाखालूनच म्हणाले, "म्हणायचे कधीकधी."

"मग 'सोडत नाहीत' ते कोण?"

काका बाहेर आले. त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसासारखा नव्हता. त्याचंच मला नवल वाटलं. कुणी आपल्याला आपलाच पत्ता विचारावा आणि तो आठवू नये, तसा तो चेहरा होता.

"काम उरायचं," ते म्हणाले.

"उरायचं, की तुम्ही उरवायचात?"

काका खरोखर विचार करायला लागले. "सगळेच थांबायचे," ते शेवटी म्हणाले. "एकट्याने कसं उठायचं?"

"खरं सांगा. घरी यावंसं वाटत नव्हतं?"

"वाटायचं. रोज वाटायचं. आणि थांबायचोही."

"दोन्ही कसं?"

"तेच तर कळत नाही."

काकू रडली नाही की भांडली नाही. तिने बाहेर जाऊन मशीन सुरू केलं आणि बराच वेळ नुसती सरळ शिलाई मारत बसली.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी कारखान्यात एकेकाला विचारायला सुरुवात केली की बाबा रे, तू का थांबायचास? संध्याकाळी येऊन ते मला उत्तरं सांगायचे, कारण काकू बोलत नव्हती. काचा घासणाऱ्याने सांगितलं, घरी भाऊ, भावजय, पोरं, दोन खोल्या. इथे निदान स्टूल माझं एकट्याचं. पॅकिंगवाल्या बाई म्हणाल्या, घरी गेल्यावर दुसरी पाळी सुरूच होते, मग त्यात घाई कशाला? एक म्हणाला, बढती मिळेल असं वाटायचं. त्याला मिळाली नव्हती, तरी थांबायचा. आणि काकांच्या शेजारच्या यंत्रावरचा माणूस आधी नुसता यंत्रच पुसत राहिला. फारच खोदलं तेव्हा म्हणाला, "तुम्ही थांबायचात म्हणून."

"साहेब बघतील म्हणून?"

"साहेबांचं काय घेऊन बसलात? ते तर साडेपाचलाच जायचे. तुम्ही मान खाली घालून बसलेले, तुमच्यासमोरून डबा घेऊन निघायची छाती व्हायची नाही."

हे सांगताना काकांनी पाण्याचा पेला तोंडापाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला. "मी कुणालाही कधी थांब म्हटलं नाही," ते मला म्हणाले. "तुला खरं वाटतं ना?"

मला खरं वाटत होतं. मग मी विचारलं, "पण काका, तुम्ही कुणाकडे बघून थांबायचात?"

उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. वस्ताद! काकांना ज्यांनी काम शिकवलं ते. तेही असेच मान खाली घालून बसायचे. वस्ताद आता खूप म्हातारे झाले होते आणि लेकीकडे राहत होते. रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. ते गॅलरीत रोपांच्या कुंड्यांमध्ये बसले होते, मांडीवर मांजर होतं.

काकांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "वस्ताद, तुम्ही संध्याकाळी का थांबायचात?"

"मी? माझ्याकडे किल्ली नव्हती."

"कसली?"

"घराची. बायको टेलिफोनच्या ऑफिसात. ती उशिरा सुटायची. कुलूप एक, किल्ली एक, ती तिच्याकडे. दाराबाहेर पायरीवर बसण्यापेक्षा कारखान्यात बसलेलं बरं."

काका म्हणाले, "मग दुसरी किल्ली करून घ्यायची."

"घेतली की, नंतर. पण तोवर तुम्ही सगळे थांबायला लागला होतात. इतकी पोरं मान मोडून काम करतायत, त्यांना टाकून मी एकटा घरी जाऊ? बरं दिसलं असतं का ते?"

मांजर उठून गेलं. वस्ताद हसत नव्हते. ते चेष्टा करतानाही कधी हसायचे नाहीत, असं काका मला जिना उतरताना म्हणाले. "त्यामुळे हे खरं की थट्टा, ते आता कळायचं नाही." रस्त्यात ते दोनदा थांबले. दोन्ही वेळा कुठल्यातरी दाराचं कुलूप बघितलं आणि परत चालायला लागले.

घरी येऊन त्यांनी काकूला सगळं सांगितलं. काकू आधी हसली, इतकी की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मग एकदम तिचं हसू गेलं. "म्हणजे एका कुलपापायी माझ्या सगळ्या संध्याकाळी गेल्या? मी एकटीने करायचं काय म्हणून हा क्लास काढला, आठवतंय? आणि आता तुम्ही आलात तर मला वेळ नाही."

"तू का एवढं काम करतेस पण?" काकांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. आठवडाभर सगळ्यांना विचारत होते, तसंच तिलाही विचारलं.

"बायका येतात म्हणून," काकू म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाही म्हणून सांगता येत नाही त्यांना." आणखी थोड्या वेळाने, "आता मला विचारू नका."

पुढे कारखान्यातला नियम सैल झाला. ज्याला थांबायचं त्याने थांबावं, असं ठरलं. काका कधी थांबायचे, कधी यायचे. शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला मात्र ते साडेपाचला हाताला धरून उठवायचे. त्यावर तो "माझं काही चुकलं का?" असं घाबरून विचारायचा. काकांना उशीर झाला की काकू विचारायची, "आज का?" आणि काका म्हणायचे, "माहीत नाही." काकूला हे उत्तर चाललं. 'सोडत नाहीत'पेक्षा बरं, असं ती मला म्हणाली.

बुधवारचा क्लास तिने बंद केला. त्या पहिल्या बुधवारी आम्ही तिघं फिरायला निघालो. काका पुढे, आम्ही मागे, आणि अंतर वाढतच चाललं.

"अहो, कुठे पोचायचंय?" काकूने हाक मारली.

काका थांबले. मागे वळून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "कुठेच नाही की," ते म्हणाले, आणि आम्ही जवळ येईपर्यंत तसेच उभे राहिले, कुठल्या पायाने सुरुवात करावी ते न समजल्यासारखे.