न फोडलेला कांदा

किसननाना गेल्याचा निरोप आला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. माझ्या डब्यात भाकरी, पिठलं आणि शेजारी एक अख्खा कांदा. तो बुक्कीने फोडायचं काम नानांचं. महिना होत आला, पण डबा उघडला की हात अजून तिथेच अडतो...

भोसरीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये नाना भिंगं घासायचे. पॉलिशच्या पावडरीने बोटं कायमची विटकरी झालेली. दोन काचा एकमेकींवर ठेवून दिव्याखाली धरायच्या, मधे उमटणारे उजेडाचे पट्टे सरळ दिसले की म्हणायचं, "बसली." वाकडे दिसले की पुन्हा घासायला. मी परभणीहून डिप्लोमा घेऊन आलेली, तोऱ्यात. म्हटलं, कॉम्प्युटर असताना हा कसला खटाटोप! पहिल्याच आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरने पास केलेली काच नानांनी दिव्याखाली धरली. "कडंला पडलीय ही, पोरी." पुन्हा मोजली, कड केसभर उतरलेली. पडलीच होती की!

तेव्हा आम्ही चाकणच्या कांदा व्यापाऱ्यांसाठी एक मशीन बनवत होतो. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कांद्यातून आरपार सोडायचा आणि पलीकडे भिंगाने गोळा करायचा. कमी आला, तर कांदा आतून नासका. बाहेरचा उजेड चालत नाही, म्हणून मशीन अंधाऱ्या खोलीत, दार लावून. भिंग अर्थात नानांचं. "सुरीबिगर कांदा कापनार म्हना की तुमी," ते हसायचे. "चालू झालं की दाखीव मला. येवढी भिंगं घासली, पर ती पुढं काय करत्यात ते कधी बघितलं न्हाई."

खंडेनवमीला मशीनची पूजा मी केली. अंधारात चाचपडत, भिंगावरचं झाकण समजून हळदकुंकवाचं बोट टेकवलं. झाकण नव्हतंच! दसऱ्याची सुट्टी संपली, व्यापारी आले, आणि आमच्या मशीनने एकजात सगळे कांदे नासके ठरवले. एकाने तिथल्या तिथे एक फोडला, आत पांढराशुभ्र. "राव, हे मशीन आमचा धंदा बसवंल," म्हणत सगळे हसत निघून गेले. आमचे मालक, म्हणजे सर, यांनी भिंग काढून पाहिलं आणि ओरडले, "कुणी केलं हे?"

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "म्या लावलं, सर. जुनी खोड." विटकरी बोटं समोरच होती, सरांना आणखी पुरावा कशाला हवा? त्या दिवसापासून नानांना त्या खोलीत बंदी झाली.

संध्याकाळी मी रडत त्यांच्याकडे गेले. "गप ऱ्हा. तुजी नोकरी कच्ची हाय, माजी पिकली. मला कोन काढतंय?"

"पण नाना, तुम्हाला मशीन बघायचं होतं..."

"बघू की. पळून चाललंय व्हय ते?"

भिंग पुसल्यावर मशीन नीट चालू लागलं, तेव्हा त्यांनी एक खेळच काढला. जेवायच्या आधी दारातून कांदा आत द्यायचा, स्वतः बाहेर उभं राहायचं. "इचार तुज्या मशीनला!" मी आतून ओरडायची, "चांगलाय, नाना!" की बाहेर बुक्की. "बरुबर हाय गं!" आवाजात केवढं कौतुक! वर्षभर त्यांनी आपलं भिंग असं बंद दारातून पाहिलं.

मी कायम झाले, तरी बोलले नाही. आज सांगू, उद्या सांगू... लाज वाटायची, दुसरं काय. आणि नाना झोपेतच गेले. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते : ते कुंकू मी लावलं होतं.

सरांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे त्या माणसाला मी वर्षभर दाराबाहेर..."

आता जेवणाच्या सुट्टीत सर स्वतः मशीन बंद करतात आणि त्या खोलीचं दार सताड उघडतात. मी उंबऱ्यावर एक कांदा ठेवते. संध्याकाळी तो तसाच डब्यातून घरी नेते. चांगलाच असतो, मशीनने आधीच सांगितलेलं असतं. पण फोडवत नाही.