अर्धं बसवलेलं रान

खताच्या दुकानासमोर चपलांची रांग लागलेली असायची. माणसं लिंबाच्या सावलीला आणि त्यांच्या जागा धरून चपला उन्हात. कॉलेजच्या एसटीची वाट बघत मी ती रांग रोज बघायचे. आखातात लढाई पेटली होती, समुद्रात जहाजं अडली होती आणि खत येत नव्हतं, एवढं गावात सगळ्यांना कळलं होतं. टपरीवर त्यावर बोलून बोलून माणसं दमली होती. एकाचा पुतण्या तिकडे क्रेन चालवायला गेलेला. त्याचा फोन लागला का, हे आधी विचारायचे, आणि मग खताची गाडी आली का ते. पुढे पुढे गाडीचं आधी विचारायला लागले.

आम्हाला शेत नाही, म्हणून ही रांग आपली नाही असं मला वाटायचं. आम्ही मेंढरंवाले. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, दिवाळीनंतर आईला आणि कळपाला घेऊन निघायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. मी शाळेसाठी चुलतीकडे राहिले, म्हणून शिकले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. या वर्षी अण्णांचा खुबा इतका दुखायला लागला की ते लवकर माघारी आले. डॉक्टरांनी चालणं बंद करा म्हणून सांगितलं. चालणं बंद करून मेंढरं कशी राखायची, ते काही सांगितलं नाही. शेवटी गुढीपाडव्यानंतर कळप विकायचं ठरलं. युसूफ वडगाव या गावाकडचं एक गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं. आता बारा महिने एकाच चुलीवर स्वयंपाक करायचा, याचं आईला एवढं अप्रूप की तिने काही कारण नसताना ओसरी सारवून काढली.

त्याच ओसरीवर माजी सरपंच येऊन बसले.

पूर्वी पेरणीआधी शेतकरी मेंढरं रानात बसवायचे. रात्री कळप जाळीच्या कुंपणात कोंडायचा. त्या जाळीला आम्ही वाघूर म्हणतो. दुसऱ्या दिवशी वाघूर पुढच्या पट्ट्यात न्यायची. असं करत सगळं रान लेंड्यांनी खतावतं. शेवटच्या सकाळी शेताची मालकीण मेंढकिणीची ज्वारीनं ओटी भरते, मगच वाघूर उठते. पोत्यातलं खत सोपं झालं तशी ही बोलावणी आटली होती. माजी सरपंचांनी तर गेल्या वर्षी बांधाला मेंढरं लागली म्हणून कुत्रं सोडलं होतं.

"पाव्हणं, औंदा आमच्या रानात बसा," ते म्हणाले.

"मेंढरं इकायची हायत, मालक."

"लढाई मिटस्तवर थांबा की. घाई कावून करता?"

आतून आई, चहाच्या पातेल्याशी बोलावं तसं, म्हणाली, "गेल्या साली कुत्रं सोडलं तवा आमी पाव्हणं न्हवतो वाटतं."

ते हसले. अण्णाही हसले, आणि तेव्हाच मला कळलं की ते हो म्हणणार. माजी सरपंच गेल्यावर मी गिऱ्हाइकाचं विचारलं. अण्णांनी खुबा दाबत पाय लांब केले. मग म्हणाले, "इतक्या वर्सानं दारात येऊन बोलावलंय, बाई. न्हाई कसं म्हनू?"

आई ओसरीकडे बघत राहिली.

त्यानंतर फोनवर फोन येऊ लागले. नांदूरघाटच्या बाजारात लोक अण्णांना हाक मारून थांबवायचे, चहा पाजायचे. अण्णा कुणालाच नाही म्हणाले नाहीत. तेवढ्यात माझी परीक्षा आली. इतिहासाच्या पेपरात महायुद्धाचा समाजजीवनावर झालेला परिणाम लिहायचा होता. टंचाई, स्थलांतर, बदललेली कामं, असं मी पाठ केलेलं सगळं लिहिलं. लिहिताना सारखा अण्णांचा खुबा आठवत होता, पण तो मुद्दा कुठे बसेल ते समजेना.

परीक्षा संपल्यावर मी वाघूर हलवायला जाऊ लागले. मेखा उपटायच्या, जाळी ओढायची, पुन्हा मेखा ठोकायच्या. अण्णा काठी टेकत मेंढरांमागे चालायचे. संध्याकाळी आई त्यांच्या खुब्याला तेल चोळायची. गिऱ्हाइकाने वाट पाहिली आणि दुसरीकडचा कळप घेतला, हे आम्हाला उशिरा कळलं.

माजी सरपंचांचं रान अर्धं बसवून झालं होतं आणि लढाई थांबल्याची बातमी आली. आनंद सगळ्यांनाच झाला, आम्हालाही. क्रेनवाल्या पुतण्याच्या आईने गल्लीत साखर वाटली. थोड्याच दिवसांत खताच्या गाड्या आल्या आणि माजी सरपंच बांधावरूनच म्हणाले, वाघूर उठवा, ट्रॅक्टर घालायचाय.

आमच्यात रान अर्धं सोडत नाहीत. बसवलेल्या भागात पीक काळंभोर येतं आणि उरलेल्या भागात फिकं, मग येणारे-जाणारे म्हणतात, मेंढका पळाला. अण्णांनी तेच समजावलं. उरलेलं रान फुकट बसवतो, ज्वारीसुद्धा नको, असंही म्हणाले.

"आता काय गरज हाय?" एवढंच उत्तर आलं.

त्या सकाळी ओटी भरायला कुणी आलं नाही. आईने पदर खोचला आणि मेखा उपटायला सुरुवात केली. इतर रानांची बोलावणीही एकेक करत बंद झाली.

कळप अजून आमच्याकडेच आहे. नवीन गिऱ्हाईक पुढच्या पाडव्याला बघू म्हणतं, म्हणजे दिवाळीनंतर अण्णा पुन्हा निघणार. परवा मी कॉलेजला निघाले होते. अण्णा ओसरीच्या खांबाला धरून उठले आणि माझ्या मोबाइलकडे बघत म्हणाले, "तिकडं काय म्हन्ते लढाई? परत लागंल का?"

त्यांच्या आवाजात भीती नव्हती. आशा होती, आणि ती त्यांच्याही लक्षात आली असावी, कारण लगेच त्यांनी मान खाली घातली. मला माहीत नाही, असं मी म्हणाले.

"नगंच लागू," ते म्हणाले, आणि काठी घेऊन हळूहळू मेंढरांकडे गेले.